बडोद्याहून कठ्ठीवाड्याला जाताय? मोहाची बाटली तिकडेच राहू द्या

दांडियाबाजारातली आमची गँग दर वर्षी बोडेली, छोटाउदेपूर करत कठ्ठीवाड्याला जाते, डोंगरातलं शेतीवालं छोटंसं गाव, आहे मध्य प्रदेशात, अलीराजपूर जिल्ह्यात. तिथली मोहाची दारू फेमस, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणतंच की एक बाटली घेऊन जाऊ यार. नका घेऊ! बॉर्डर ओलांडली की गुजरात, इथे 1949चा दारूबंदी कायदा अजून चालूए, आणि मध्य प्रदेशात सरकारमान्य असलेली "हेरिटेज" लेबलवाली सीलबंद मोहाची बाटली असली तरी दारू ती दारूच. बऱ्याच जणांना माहीत नसतं पण मोहाची सुकी फुलंसुद्धा त्याच कायद्यात येतात, म्हणून "नुसती फुलंच तर आहेत" म्हणून पिशवी भरून आणू नका.

चाखायचीच असेल तर तिकडेच, लायसन्सवाल्या दुकानातली, घरगुती गाळलेली अनोळखी माणसाकडून अजिबात नको, आणि त्या दिवशी मुक्काम तिथेच, गाडी दुसऱ्या दिवशी.

फुलं पडताना बघायची तर मार्च-एप्रिल, पण पहाटेच उठा, उन्हं चढेपर्यंत बायका टोपल्या भरून घरी गेलेल्या असतात.

घरच्यांसाठी काही आणायचंच तर जूनमध्ये नूरजहाँ आंबा बघा, एकेक फळ 2-3 किलोचं! झाडं मोजकीच, त्यामुळे बुकिंग आधी.