पॉवर टिलर लावण्याआधी माती मुठीत घ्या
पॉवर टिलरला रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती मोकळी करणारं अवजार) जोडण्याआधी वाफसा, म्हणजे मातीत मशागतीजोगा ओलावा आहे का, ते बघा. वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबा. गोळा बोटाने टोकल्यावर भुसभुशीत फुटला तरच यंत्र घाला. चिकट मातीत पाती फिरवली की खाली घट्ट थर बसतो आणि वर दगडासारखी ढेकळं वाळतात. हे नुकसान हंगामभर निस्तरावं लागतं. पडीक, गवताळ जागेत आधी नांगर, आठवडा-दोन आठवडे ऊन, मगच रोटाव्हेटर. पहिला फेरा ५-७ सेंटीमीटर, दुसरा आडवा, १५ पर्यंत. तिसऱ्याचा मोह टाळाच! पीठ झालेली माती पहिल्याच पावसात पापडी धरते. पात्यात मुळ्या गुंतल्या तर इंजिन बंद केल्याशिवाय हात घालू नका.