गृहकर्जावर घर घेताय? बँकेच्या पॅनेलवरचा वकील असा निवडा

"बँकेनं पास केलंय, म्हणजे टायटल क्लिअर आहे." (टायटल म्हणजे मालकीहक्क.) घर शोधायला लागलात की हे वाक्य एजंट म्हणतो, बिल्डरच्या ऑफिसातला माणूस म्हणतो आणि घरातली जाणती मंडळीही म्हणतात. नातेवाइकांच्या आणि सोसायटीतल्या लोकांच्या घरखरेदीच्या फायली मी बरीच वर्षं हाताळतोय. या एका वाक्यानं जेवढं नुकसान केलंय, तेवढं दुसऱ्या कुठल्या सल्ल्यानं केलेलं मी पाहिलेलं नाही.

बँकेचा वकील बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का, एवढं बघतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के रक्कम मिळते. समजा घर ८० लाखांचं आणि कर्ज ६० लाखांचं. मालकीत घोळ निघाला आणि घराला ६० लाखच आले, तर बँकेची वसुली पूर्ण होते आणि तुमचे २० लाख जातात. लीगल चार्जेस तुमच्याकडूनच घेतले जातात, पण वकिलाचा अहवाल जातो बँकेच्या नावानं. त्याची प्रत मागितली तर "ते अंतर्गत कागद असतात" असं उत्तर मिळण्याची तयारी ठेवा.

तरीही पॅनेलवरचाच, म्हणजे बँकेनं कागद तपासायला ठरवलेल्या वकिलांच्या यादीतलाच वकील शोधा असं मी सांगतो. त्याला बँकेचा नमुना माहीत असतो, कुठल्या कागदावाचून फाइल अडते हे ठाऊक असतं, आणि तुमच्या करारनाम्यातला एखादा शब्द बँकेला खटकणार असेल तर तो आधीच सांगतो. फक्त त्याला नेमायचं आपण, आपल्या नावानं, आपल्या कामासाठी.

यादी कधी आणि कुठून मिळवायची

टोकन देण्याआधी. बँकेच्या गृहकर्ज विभागात पॅनेलची यादी मागा. काही बँका ती दाखवतात, काही काम स्वतःच वाटतात आणि यादी देत नाहीत. नाही दिली तर वकिलांनाच विचारा: तुम्ही कुठल्या बँकेच्या पॅनेलवर आहात, कुठल्या भागासाठी, आणि आजही आहात का? मग ते उत्तर बँकेत पडताळून घ्या. याद्या बदलतात, एके काळी पॅनेलवर असलेला माणूस व्हिजिटिंग कार्डावर ते वर्षानुवर्षं छापत राहतो.

बिल्डरनं किंवा एजंटनं सुचवलेला वकील नको. माणूस कितीही सज्जन असो, त्याला पुढचं काम कोण देणार आहे ते बघा.

वकिलाची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे तपासा. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करून कामं मिळवायला बंदी आहे, त्यामुळे "१०० टक्के लोन अप्रूव्हल" अशी फ्लेक्सवर हमी देणारे आपोआप बाद.

एकच वकील की दोन?

परवडत असेल तर दोन. तुमच्या फाइलवर बँकेनं नेमलेला वकील वेगळा आणि तुमचा वेगळा, शक्यतो दुसऱ्या बँकेच्या पॅनेलवरचा. एकाच सर्चवर, म्हणजे मिळकतीच्या जुन्या दस्तनोंदींच्या शोधावर, दोन नजरा फिरतात. एकच घ्यायचा असेल आणि बँक निवडू देत असेल, तर त्याच वकिलाकडून तुमच्या नावानं स्वतंत्र टायटल सर्टिफिकेट मागा आणि त्याची वेगळी फी द्या. ती वाचवू नका. विक्रेत्याचं काम तो करत नाही, हे मात्र लेखी घ्या.

एवढा आग्रह का, तर नंतर दाद मागायची वाट अरुंद आहे. पॅनेल वकिलाचा अभिप्राय चुकीचा निघाला एवढ्यावरून त्याच्यावर फौजदारी खटला चालत नाही, कटात सामील असल्याचा पुरावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये म्हटलं. मे २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही असाही निकाल दिला. म्हणजे ग्राहक आयोगाचा रस्ता बंद. उरतो दिवाणी दावा आणि बार कौन्सिलकडे तक्रार. जी काळजी घ्यायची ती नेमताना घ्या.

खरी अवघड पायरी: वकील नेमकं काय तपासणार, हे ठरवणं

सुरुवातीला मला सर्वांत जड गेलं ते हेच. वकिलाला "टायटल बघून द्या" म्हटलं की तो "बघतो" म्हणतो, आणि काही दिवसांनी "क्लिअर अँड मार्केटेबल" लिहिलेला कागद हातात येतो. त्या दोन शब्दांच्या आधीची पानं वाचायला शिकेपर्यंत हा कागद किती पोकळ असू शकतो ते कळत नाही. "मला पुरवलेल्या झेरॉक्स प्रतींवरून", "ऑनलाइन उपलब्ध नोंदींवरून", "काही वर्षांच्या सूचीची पानं फाटलेली असल्यानं" अशी वाक्यं तिथेच असतात. प्रत्येक अशा वाक्यानं वकिलाची जबाबदारी कमी होते आणि तुमचा धोका वाढतो. म्हणून फी ठरवतानाच पुढच्या गोष्टी बोलून घ्या आणि ईमेलवर लिहून घ्या.

पहिली गोष्ट, सर्च किती वर्षांचा? ३० वर्षांचाच. गहाण सोडवून घेण्याचा दावा ३० वर्षांपर्यंत करता येतो, असं मुदतीचा कायदा १९६३ सांगतो. ही संख्या तिथून आली आहे. "बँकेला एवढा लागत नाही" हे ऐकून घेऊ नका. बँकेचं कर्ज वीस वर्षांत फिटेल, घर तुमच्या मुलांकडे जाणार आहे.

दुसरी, सर्च कुठे घेतला? नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरचा ई-सर्च उपयोगाचा आहे, पण जुने दस्त त्यात पूर्ण सापडत नाहीत. त्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन इंडेक्स टूची, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सूचीची, पुस्तकं उलटावी लागतात. पुण्यात हवेली क्रमांक १, २, ३ अशी कितीतरी कार्यालयं आहेत आणि एकाच मिळकतीचे दस्त वेगवेगळ्या ठिकाणी नोंदलेले असू शकतात. एकाच कार्यालयात बघितलेला सर्च हा अर्धा सर्च. शोध फीच्या सरकारी पावत्या अहवालाला जोडायला सांगा. पावती दाखवता येत नसेल, तर पुस्तकं उघडली होती यावर विश्वास ठेवू नका.

तिसरी, इमारतीखालची जमीन. फ्लॅटच्या खरेदीत लोक करारनाम्यांची साखळी बघतात आणि जमिनीकडे पाठ फिरवतात. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, सगळे फेरफार, अकृषिक परवानगी, आणि भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन असेल तर हस्तांतराची परवानगी, हे सगळं वकिलानं वाचलंच पाहिजे. सातबाऱ्यावरचा "इतर हक्क" हा रकाना मी स्वतः दरवेळी वाचतो. कूळ, बोजा, वारसांची नावं तिथेच बसलेली असतात. फेरफारात भावांची नावं लागली आणि बहिणींची नाहीत असं दिसलं, तर थांबा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीनं हक्क देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे. नोंदणीकृत हक्कसोडपत्र असेल तर ठीक. "त्यांची काही हरकत नाही हो" हे तोंडी वाक्य चालत नाही.

चौथी, जुन्या सोसायटीतला फ्लॅट. मूळ मालक वारलेला, शेअर सर्टिफिकेटवर मुलाचं नाव, आणि विकणारा तो मुलगा. सोसायटीनं नॉमिनी म्हणून नाव चढवलं असेल तर केवळ त्यानं तो मालक होत नाही. बाकीच्या वारसांनी त्यांचा हिस्सा सोडलाय का, की मृत्युपत्र आहे, की सक्षम न्यायालयाचा आदेश आहे? या प्रश्नाला जो वकील "सोसायटीची एनओसी आहे ना" असं उत्तर देईल, त्याला नम्रपणे नमस्कार करून दुसरा शोधा. त्याच्या बाकीच्या कामाचा दर्जा तुम्हाला एका उत्तरात कळलेला असतो.

पाचवी, चालू कर्जं आणि दावे. एकाच घरावर अनेक बँकांकडून कर्ज काढण्याचे प्रकार रोखायला २०११ पासून सेरसाई ही केंद्रीय नोंदणी आहे. थोडी फी भरून तिथे शोध घेता येतो. विक्रेत्याच्या नावानं ई-कोर्ट्सवर, म्हणजे न्यायालयीन दाव्यांच्या संकेतस्थळावरही शोध घ्यायला सांगा.

अहवाल आला की फोनवर "सगळं ओके" ऐकून समाधान मानू नका. समोर बसा आणि विचारा: कुठला कागद तुम्ही मूळ प्रतीत पाहिला नाही? या एकाच प्रश्नावर मला सर्वांत खरी उत्तरं मिळाली आहेत. चांगला वकील लगेच यादी देतो.

जाहीर नोटीस

या घरावर कोणाचा हक्क असेल तर कळवा, अशी नोटीस वर्तमानपत्रांत द्याच, त्यातलं एक तरी मराठी असावं. हरकतीची मुदत संपेपर्यंत मोठी रक्कम देऊ नका.

करारनामा

बँकेच्या वकिलाला पार्किंग, ताब्याची तारीख, थकलेला मेंटेनन्स यांच्याशी घेणंदेणं नसतं. तुमच्या वकिलाला असलं पाहिजे. एक कलम मी कधीच सोडत नाही: मालकीहक्कातल्या दोषामुळे कर्ज नामंजूर झालं तर दिलेली संपूर्ण रक्कम ठरावीक दिवसांत परत. नवीन प्रकल्पात महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) पानावर टायटल रिपोर्ट असतो, तो वाचा, पण तो लिहिणारा वकील बिल्डरनं नेमलेला आहे हे लक्षात ठेवा. आणि करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

विक्रेत्याचं कर्ज चालू असेल तर मूळ कागद त्याच्या बँकेत असतात. त्या बँकेकडून कागदांची यादी, म्हणजे एलओडी, आणि फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज बंद करायला किती रक्कम भरायची त्याचं पत्र, आधीच मागवा. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत करणं १ डिसेंबर २०२३ पासून बँकांना बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. ती कर्जदाराला, म्हणजे विक्रेत्याला मिळते, पण नियम माहीत असला की पाठपुरावा सोपा जातो.

कर्ज मिळाल्यावर

नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे घराचे कागद बँकेकडे गहाण ठेवल्याची नोंदणी विभागाला द्यायची सूचना, ३० दिवसांत दाखल करा. बँकेनं ठेवून घेतलेल्या मूळ कागदांची सही-शिक्क्याची यादी घ्या. वकिलाचा अहवाल, शोध पावत्या आणि जाहीर नोटिशीचं कात्रण स्वतःजवळ जपून ठेवा, कारण उद्या घर विकायला काढलंत तर समोरचा वकील पहिल्याच भेटीत हेच कागद मागेल.