पाव, गिफ्ट आणि गरम पाण्याचा नळ: युरोपातल्या शब्दांची मुळं मराठी माणसाने कशी शोधायची

सुरुवात पावापासून करूया. दादर स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीवर आपण म्हणतो "एक पाव एक्स्ट्रा द्या", दोन पावलं पुढे भाजीवाल्या मावशींना म्हणतो "पाव किलो मटार द्या", आणि लोकल वेळेवर आली की बाजूच्या काकू म्हणतात "देव पावला गं बाई". तीन पाव, ऐकायला अगदी एक, पण तिघांची घराणी वेगळी. खायचा पाव पोर्तुगीजांकडनं आला, त्यांच्यात ब्रेडला नाकातून पांव म्हणतात आणि तो लॅटिनमधल्या पानिसचा वंशज. पाव किलोतला पाव म्हणजे संस्कृत पाद, म्हणजे पाय, जनावराच्या चार पायांतला एक म्हणून चौथा हिस्सा. आणि देव पावतो तो प्राप् वरून, प्राकृतात त्याचं पावइ झालं, मग मराठीत पावणे.

आता स्पॅनिशमधला यामा बघा, स्पेलिंगमध्ये सुरुवातीला दोन एल असतात. यामा म्हणजे ज्वाला, यामा म्हणजे तो हाक मारतो, आणि यामा म्हणजे दक्षिण अमेरिकेतला तो लांब मानेचा लोकरीचा प्राणी ज्याला आपण इंग्लिशमधून लामा म्हणतो. पहिला लॅटिन फ्लाम्मापासून, दुसरा लॅटिन क्लामारेपासून, तिसरा तर युरोपातलाच नाही, अँडीज पर्वतातल्या केचुआ भाषेतला. म्हणजे आपल्या पावासारखीच गोष्ट. ज्याला पावाचे तीन अर्थ कळले त्याला यामा कळायला पाच मिनिटं लागतात, आणि म्हणून मी नेहमी सांगते की युरोपियन भाषा शिकताना मराठी बाजूला ठेवू नका, ती हातात धरूनच चला.

तर कुठलाही शब्द दोन-तीन भाषांमध्ये दिसला की पहिला प्रश्न हा विचारायचा: हा एकच शब्द आहे का ज्याचे अर्थ प्रवासात बदलले, की हे वेगवेगळे शब्द आहेत जे घासून घासून सारखे दिसायला लागले? हे दोन प्रकार एकदा वेगळे केले ना की अर्धं काम झालं. आणि यासाठी महागडं पुस्तक लागत नाही, विक्शनरी उघडा, म्हणजे नेटवरचा फुकट शब्दकोश, इंग्लिशवाली. तिथली सोय अशी की एक स्पेलिंग ज्या ज्या भाषेत आहे त्या सगळ्या भाषा एकाच पानावर एकाखाली एक येतात, प्रत्येकीची व्युत्पत्ती वेगळी दिलेली असते, आणि एकाच भाषेत एटिमॉलॉजी एक, एटिमॉलॉजी दोन असं लिहिलेलं दिसलं की समजायचं, पाववाली केस आहे. दोन गोष्टी लक्षात ठेवा. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर कॅपिटल असतं, त्यामुळे जर्मन शब्दाचं पान वेगळं असतं, स्मॉल अक्षराने शोधलं तर तो सापडणारच नाही, पानाच्या वरच्या ओळीत त्याची लिंक असते ती दाबायची. आणि शब्दाच्या आधी चांदणी (*) असेल तर तो शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, अभ्यासकांनी वंशज शब्दांवरून मागे मागे जात बांधलेला आहे, तेव्हा त्याला पुराव्यासारखं वापरायचं नाही.

आता गिफ्ट घेऊ, माझा सगळ्यात लाडका शब्द. इंग्लिशमध्ये भेट, हे सगळ्यांना माहीत. जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष, रसायनांच्या बाटलीवर कवटीच्या चित्रासोबत हा शब्द छापलेला असतो. आणि स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियनमध्ये गिफ्ट म्हणजे विष पण आणि लग्न झालेला किंवा झालेली पण. बघणाऱ्याला वाटतं की तीन शब्द असणार, पण नाही, मूळ एकच, "देणे". इंग्लिश गिव्ह, जर्मन गेबेन, त्याचंच नाम गिफ्ट, दिलेली गोष्ट. मग विष कुठनं आलं? तर ग्रीकमध्ये दोसिस म्हणजे देणं, वैद्य जे मोजून देतो ते, तोच आपला औषधाचा डोस, आणि जर्मन लोकांनी त्या दोसिसच्या धर्तीवर आपला "देणे"वाला शब्द वापरायला घेतला, आधी औषधाची मात्रा, मग हळूहळू घातक मात्रा, मग सरळ विष. गंमत म्हणजे तो दोसिस ज्या धातूवरून आला तोच संस्कृतातला दा, म्हणजे दान आणि डोस हे सख्खे भाऊ.

आणि लग्न? इथे मराठी माणसाला काही समजावून सांगायची गरज पडत नाही. आपण अजूनही विचारतो ना, "मुलगी कुठं दिली?" "धाकटी सांगलीला दिलीय." अगदी तेच, दिलेली म्हणजे लग्न झालेली. जुन्या इंग्लिशमध्येसुद्धा गिफ्ट म्हणजे साधी भेट नव्हती, बायकोसाठी दिलं जाणारं मोल होतं, आजचा भेटवस्तूवाला अर्थ उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या भाषेच्या प्रभावाने पक्का झाला. जर्मनमध्येही जुना अर्थ पूर्ण मेला नाही, मिटगिफ्ट असा शब्द आहे, मिट म्हणजे सोबत, सोबत दिलेलं, म्हणजे हुंडा. आता हे वाचताना तुम्ही मुंबईत बसला असाल तर जरा थांबा, कारण ही बेटंच मुळात मिटगिफ्ट आहेत. १६६१ च्या करारात पोर्तुगालने राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रगांझाच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला देऊ केली, आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. मला हा शब्द शिकवला तेव्हा आमच्या जर्मनच्या क्लासमध्ये कोणी हे बोललं नव्हतं, मी घरी येताना ट्रेनमध्ये स्वतःच जोडलं आणि ठाणं येईपर्यंत तेच डोक्यात फिरत होतं.

दुसरा प्रकार म्हणजे दिसायला जुळे पण नातं शून्य. माझा मावसभाऊ रोमला गेला होता, हॉटेलात नळावर C दिसला, त्याने कोल्ड समजून पूर्ण फिरवला आणि हात भाजला. इटालियनमध्ये C म्हणजे काल्दो, गरम, आणि थंडाचा F, फ्रेद्दो. फ्रान्समध्येही तेच, शो म्हणजे गरम, त्याचं स्पेलिंग C ने सुरू होतं. उलट जर्मनमध्ये काल्ट म्हणजे थंड. काल्दो आणि काल्ट एवढे शेजारी वाटतात, पण काल्दो लॅटिन कालिदुसपासून आणि काल्ट-कोल्ड जर्मानिक घराण्यातले, म्हणजे इंग्लिश, जर्मन, स्वीडिश वगैरेंच्या. मग लॅटिनमध्ये कोल्डचा खरा भाऊ कोण? गेलिदुस, बर्फासारखा थंड, ज्याच्या नात्यातला जेलातो आपण आता मॉलमध्ये खातो.

पण हे कसं ओळखायचं की क वाला शब्द क वाल्याचा भाऊ नाही आणि ग वाल्याचा आहे? इथेच खरी चावी आहे, आणि हा भाग मन लावून वाचा. १८२२ मध्ये याकोब ग्रिम यांनी, हो तेच परीकथा गोळा करणारे, हा नियम नीट मांडून दाखवला की जर्मानिक भाषांमध्ये जुने ध्वनी एका ठरलेल्या पद्धतीने सरकले. प चा फ झाला, द चा ट झाला, ग चा क झाला, क चा ह झाला. संस्कृत, लॅटिन आणि जर्मानिक भाषा मुळात एकाच जुन्या भाषेतून आलेल्या, आणि आपल्याकडे संस्कृत शब्द रोजच्या वापरात असल्यामुळे ताळा करायला दुसरीकडे जावंच लागत नाही. पितृपक्षातला पितृ, लॅटिन पातेर, इंग्लिश फादर. दंतमंजनातला दंत, लॅटिन देन्स, इंग्लिश टूथ. दश, लॅटिन देकेम, इंग्लिश टेन. पाव किलोतला पाद, लॅटिन पेस, इंग्लिश फूट. क्रिकेटमधलं शतक (इथे जुन्या क चा संस्कृतात श झालाय), लॅटिन केंतुम, इंग्लिश हंड्रेड. आणि ग चं उदाहरण तर आपल्या आजानुबाहूमध्ये आहे, जानु म्हणजे गुडघा (संस्कृतात त्या ग चा ज झालाय), लॅटिनमध्ये गेनू, इंग्लिशमध्ये नी, ज्याच्या स्पेलिंगमध्ये न बोललेला के अजून बसलेला आहे. तो मुका के बघितला की मला फार बरं वाटतं, आवाज गेला पण खूण राहिली.

म्हणजे नियम असा झाला की इंग्लिश किंवा जर्मन शब्द लॅटिन घराण्यातल्या शब्दाशी अगदी तंतोतंत जुळत असेल तर आधी संशय घ्यायचा. एक तर तो उसना घेतलाय, नाहीतर योगायोग आहे. स्पॅनिश मुचो आणि इंग्लिश मच, अर्थही तोच, आवाजही तोच, तरी नातं नाही. मुचो लॅटिन मुल्तुसपासून, आणि मचचा नातेवाईक आहे ग्रीक मेगा आणि आपला महा. महाराष्ट्रातला महा आणि मच एका घरातले, मुचो बाहेरचा.

लॅटिनच्या लेकींमध्येही असेच नियम आहेत आणि तिथेही आपल्याकडे मसाला आहे कारण पोर्तुगीज इथे शंभर वर्षांहून जास्त राहून गेले. चावीच घ्या. लॅटिन क्लाविस, फ्रेंच क्ले, इटालियन क्यावे, स्पॅनिश याबे, पोर्तुगीज शावि, आणि आपली चावी. आज पोर्तुगालमध्ये बहुतेक ठिकाणी श म्हणतात पण जुन्या पोर्तुगीजमध्ये तिथे च होता, म्हणजे तुमच्या खिशातली चावी तो जुना उच्चार धरून आहे. शब्दाच्या सुरुवातीचा लॅटिन क्ल, प्ल, फ्ल असा बदलतो हे एकदा कळलं की यामाचं कोडं पण सुटतं, फ्लाम्मा आणि क्लामारे दोघांची सुरुवात स्पॅनिशमध्ये य झाली म्हणून ते एक दिसायला लागले.

काही शब्द पटकन सांगून टाकते. शेफ म्हणजे आपल्याकडे हॉटेलातला आचारी, जर्मनमध्ये बॉस, फ्रेंचमध्ये प्रमुख, सगळे लॅटिन कापुत म्हणजे डोकं यावरून. जर्मनीत मुलगा गिम्नाझिउमला जातो म्हणजे हायस्कूलला, जिमला नाही, आणि मूळ ग्रीक शब्दात गिम्नोस म्हणजे उघडा, कारण ते लोक कपडे न घालता व्यायाम करायचे, आपला नग्न त्याच नात्यातला. इटालियन बुर्रो म्हणजे लोणी, स्पॅनिश बुर्रो म्हणजे गाढव, काही संबंध नाही. आणि पॅरिसमध्ये जॅममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह आहे का असं फ्रेंच करून विचारू नका, प्रेझेर्वातिफ म्हणजे तिकडे कंडोम.

कधीकधी शब्दापेक्षा वस्तूचा प्रवास आधी बघावा लागतो. टर्की हा पक्षी अमेरिकेतला, कोलंबसच्या १४९२ च्या सफरीआधी युरोपात तो नव्हताच, आणि प्रत्येकाने त्याला भलत्याच गावाचं नाव दिलं. इंग्लिशमध्ये तुर्कस्तानचं, खुद्द तुर्की भाषेत त्याला हिंदी म्हणतात, फ्रेंचमध्ये दँद म्हणजे "इंडियाचा", डचमध्ये काल्कून म्हणजे कालिकतची कोंबडी, आणि पोर्तुगीजमध्ये पेरू. आपल्याकडे पेरू म्हणजे मीठ-तिखट लावून खायचं फळ, तेव्हा लिस्बनमध्ये मेन्यूवर पेरू दिसला तर शाकाहारी लोकांनी आधी विचारून घ्या.

आता एक इशारा, कारण यात हुशार माणसंही अडकतात. गोड गोष्ट ऐकली की लगेच विश्वास ठेवायचा नाही. बॉम्बे म्हणजे पोर्तुगीज बॉम बाईया, चांगली खाडी, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण पोर्तुगीजमध्ये बाईया स्त्रीलिंगी आहे, तिला बॉम लागत नाही, बोआ लागतं, जसं आपण "चांगला खाडी" म्हणणार नाही तसं. व्याकरणातच गोष्ट अडखळते, आणि मुंबादेवी तर इथे शहरात बसलेली आहे. म्हणून प्रत्येक व्युत्पत्तीला लिंग, आवाजाचे नियम आणि सगळ्यात जुनं सापडलेलं रूप या तिन्ही चाळण्या लावायच्या. मराठी बाजू तपासायला मोल्सवर्थचा कोश वापरा, १८५७ ची दुसरी आवृत्ती नेटवर फुकट शोधता येते, आणि त्यात शब्द संस्कृत, फारसी की अरबी याची अक्षरंही दिलेली असतात.

हातात घेऊन करायचं असेल तर माझ्या वहीतला पगार दाखवते. पगार, पोर्तुगीज पगार म्हणजे पैसे देणे, त्याच्या मागे लॅटिन पाकारे म्हणजे शांत करणे, ज्याचं देणं लागतो त्याला शांत करणे, त्याच्या मागे पाक्स म्हणजे शांती. त्याच पाकारेतून फ्रेंचमार्गे इंग्लिश पे आला, आणि पाक्समधून पीस. तंतोतंत जुळतोय म्हणून संशय घेतला होता, तर पे खरंच उसना निघाला, घरचा असता तर प चा फ झाला असता.

आता तुम्ही काडतूस घ्या. पोर्तुगीज कार्तुशु, त्याच्या मागे इटालियन कार्तोच्चो म्हणजे कागदाची सुरळी, आणि त्याच्या मागे कार्ता. तिथून फांद्या तुम्ही काढा: इटालियनमध्ये कार्ता म्हणजे कागद, पोर्तुगीजमध्ये पत्र, स्पॅनिशमध्ये पत्र आणि मेन्यूकार्ड दोन्ही, आणि जर्मनमध्ये कार्टं म्हणजे नकाशा पण, तिकीट पण, खेळायचा पत्ता पण. मूळ एक की अनेक, जर्मनमध्ये तो घरचा की उसना, आणि ग्रीकमध्ये त्याच्या आधी काय होतं, एवढं एका पानावर मांडा.