दातांचा विमा घ्यावा का? आधी तोंड तपासा, मग कागद, मग हिशेब

आरोग्य विम्याचा एजंट पॉलिसीचे गुण सांगता सांगता हमखास म्हणतो, "आणि भाऊ, यात दातांचंही येतं बरं का." दाढेच्या ठणक्याने रात्र जागून काढलेल्या माणसाला हे लगेच पटतं. पण दातांचं म्हणजे नक्की काय येतं, हे कळल्याशिवाय एक रुपयाही जास्त भरू नका. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या बहुतेक घरांना दातांसाठीचा जादा हप्ता फायद्याचा ठरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही काही घरांना तो ठरतो. तुमचं घर कशात बसतं, हे असं तपासा.

१. विम्याआधी दंतवैद्याकडे जा

घरातल्या प्रत्येकाचे दात एकदा तपासून घ्या आणि कोणत्या दाताचं काय काम निघतंय, त्याला किती खर्च येईल, हे कागदावर लिहून मागा. डॉक्टर दाताचा नंबर लिहितात. उदाहरणार्थ, ३६ म्हणजे खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. ही दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. ती दुधाचीच आहे, पडेल आणि नवी येईल, असं समजून आईवडील दुर्लक्ष करतात आणि ती किडते. ती पुन्हा येत नाही. त्यामुळे मुलांच्या कागदावर ३६ किंवा ४६ दिसलं, तर सिमेंट भरण्याचं काम लगेच उरकून घ्या.

आपल्याकडे दाताचं दुखणं कापूस विकेपर्यंत किंवा लग्नसराई आटोपेपर्यंत ढकललं जातं. तोवर सिमेंटवर भागलं असतं तिथे रूट कॅनल आणि कॅप लागते. हे नुकसान विमा सहसा पूर्ण भरून देत नाही.

घरात कुणी तंबाखू, गुटखा खात असेल किंवा मशेरी लावत असेल, तर डॉक्टरांना गाल आणि जीभही बघायला सांगा. तोंड पूर्ण उघडत नसेल, तिखट लागताच आग होत असेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तर थांबू नका. मधुमेह असेल तर हिरड्या मुद्दाम दाखवा. साखर वाढलेली राहिली की हिरड्यांचा आजार बळावतो.

खाजगी दर झेपत नसतील तर धुळ्यात साक्री रोडवर एसीपीएम दंत महाविद्यालय आहे. चाळीसगावकडच्यांना कन्नडचा घाट चढला की छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय गाठता येतं. अशा ठिकाणी शिकाऊ डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त जातो, फेऱ्या होतात, पण खर्च बराच कमी येतो. हप्त्याची तुलना करताना हा दरही विचारून ठेवा.

२. हाताशी आधीच काय आहे?

एमआयडीसीत चटईच्या, पाइपच्या कारखान्यात किंवा डाळ मिलमध्ये नोकरी असेल आणि पगारातून ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विम्याची) वर्गणी कापली जात असेल, तर त्या वैद्यकीय सेवेत दातांचे उपचारही येतात. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ही योजना लागू आहे. भुसावळच्या रेल्वे कर्मचाऱ्यांनी आधी रेल्वेच्या दवाखान्यात विचारावं. कंपनीची सामूहिक पॉलिसी असेल तर तिचा कागद मागून घ्या. तिथे ओपीडीची, म्हणजे दाखल न होता होणाऱ्या उपचारांची, दातांसकट सोय असेल, तर वेगळं काही घ्यायचा प्रश्नच उरत नाही.

३. कागदातल्या पाच जागा

नेहमीच्या आरोग्य विम्यात दातांचे उपचार वगळलेले असतात. अपघातात जबडा मोडला आणि दवाखान्यात दाखल व्हावं लागलं, तर खर्च मिळतो. कीड, रूट कॅनल, कॅप, कवळी ही सगळी कामं खुर्चीत बसून होतात, दाखल व्हावं लागत नाही, म्हणून मूळ पॉलिसीत ती बसत नाहीत. 'दातांचंही येतं' म्हणतात ते बहुधा ओपीडीच्या जादा कव्हरमुळे.

त्या कव्हरच्या कागदात हे शोधा: दातांसाठी वर्षाची मर्यादा किती, किती महिने थांबावं लागतं, आधीपासून बिघडलेला दात चालतो का, कॅप, इम्प्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात), तारा आणि स्केलिंग (दातांची सफाई) येतं की नाही, आणि बिलाचा किती हिस्सा तुम्ही भरायचा. नेटवर्कमधला दंतवैद्य शहाद्यात किंवा यावलला आहे का, हेही विचारा. पुण्या-मुंबईची लांबलचक यादी आपल्या काय कामाची?

पॉलिसीवर यूआयएन, म्हणजे विमा नियामकाकडे नोंदलेल्या योजनेचा क्रमांक, छापलेला असतो. तो नसेल आणि नुसतं 'डेंटल कार्ड' किंवा 'मेंबरशिप' असेल, तर तो विमा नाही, सवलतीचं कार्ड आहे.

४. आता हिशेब मांडा

आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा, ओपीडी कव्हरसाठी जादा हप्ता ६,००० रुपये. दातांची मर्यादा ५,०००. बिलाचे २० टक्के तुमच्याकडे. कॅप वगळलेली. वर्षात एका दाढेचं रूट कॅनल झालं ४,५०० रुपयांना, आणि कॅप बसली ५,००० ला.

विमा नसता तर खर्च ९,५००. विमा असताना कंपनी देते ४,५०० चे ८० टक्के, म्हणजे ३,६००. तुमच्या खिशातून ९०० आणि कॅपचे ५,००० गेले, वर हप्ता ६,०००. एकूण ११,९००. दाढ बिघडलेल्या वर्षातही २,४०० रुपये जास्तच गेले! दात धड राहिले त्या वर्षी तर पूर्ण ६,००० गेले.

हाच हिशेब तीन वर्षांचा करा. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कामांपैकी किती पैसे खरोखर परत मिळतील, ते तीन वर्षांच्या हप्त्याशेजारी लिहा. परतावा कमी दिसला तर दरमहा ५०० रुपये पोस्टात किंवा बँकेत रिकरिंगला टाका. वर्षाला तेच ६,००० जमतात, आणि ते कोणत्याही डॉक्टरकडे, कोणत्याही दातासाठी चालतात.

५. मग घ्यावा कुणी?

हप्ता कंपनी भरत असेल तर जरूर घ्या. घरात मधुमेह, रक्तदाब असे नेहमी तपासणी आणि गोळ्या लागणारे लोक असतील आणि ओपीडी कव्हरमध्ये तेही येत असेल, तर दातांचा लाभ वरकड समजून हिशेब करा, तो जमू शकतो. पण घरात मूळ आरोग्य विमाच नसेल, तर आधी तो घ्या. दाढेचा खर्च घर सोसतं. दवाखान्यात दाखल झालेल्या माणसाचा खर्च निघाला की शेत गहाण पडतं.

एजंट करसवलतीचं सांगेल. आरोग्य विम्याच्या हप्त्यावरची आयकर वजावट (८०डी म्हणून ओळखली जाणारी) जुन्या करप्रणालीतच मिळते. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. हप्त्यात तो धरलेला दिसला तर तिथेच विचारा.

६. घेतलाच तर

पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. त्या दिवसांत कागद दंतवैद्याकडे घेऊन जा आणि तुमची कोणती कामं त्यात बसतात ते विचारा. उपचार झाल्यावर बिलावर दाताचा नंबर, केलेलं काम, तारीख आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक लिहून घ्या, एक्स-रे जपून ठेवा. 'दातांचा उपचार' एवढंच लिहिलेलं बिल क्लेममध्ये अडकतं. कंपनीने क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीच्याच तक्रार विभागाला लिहा. ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही.