दिवाळीचा ‘उपग्रह फोटो’ वर्गात नेण्याआधी

फोनवर फिरणारे मेसेज खरे की खोटे हे तपासायला शिकवायचं, तर आठवी-नववीच्या एका तासिकेला दोनच दावे पुरतात, पण त्यांतला एक खरा हवा. सगळेच खोटे दिले तर ‘नेटवर नुसत्या थापा’ एवढंच मुलांच्या डोक्यात राहतं, आणि ते डोळे झाकून विश्वास ठेवण्याइतकंच घातक.

खोट्यासाठी दर दिवाळीला ‘नासाने टिपलेला दिवाळीच्या रात्रीचा भारत’ म्हणून फिरणारा रंगीत दिव्यांचा फोटो घ्या. मुळात तो एका रात्रीचा फोटोच नाही. अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान-महासागर संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी लोकवस्ती कशी वाढली हे दाखवायला २००३ साली उपग्रहांच्या नोंदींवरून तो रचला. पांढरे दिवे १९९२ च्या आधीचे, निळे १९९२ मध्ये दिसू लागलेले, हिरवे १९९८ चे, लाल २००३ चे. खऱ्यासाठी शून्य सावली घ्या: पुण्यात १३ मेच्या सुमारास भरदुपारी सरळ उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. याला मुलं हमखास थाप म्हणतात. आपल्या गावची तारीख आधीच काढून ठेवा, ती अक्षांशाप्रमाणे बदलते.

दोन्ही मेसेज आले तसेच, इमोजी आणि ‘सर्वांना पाठवा’सकट छापा. चार मुलांमागे एक फोन पुरे. आदल्या दिवशी शाळेच्याच नेटवर, त्याच फोनवर गूगल लेन्सने (फोटोवरून शोध घेणारं अ‍ॅप) फोटो शोधून बघा आणि प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉट ठेवा, कारण नेट ऐन तासाला दगा देतं.

मुलांना पान खालपर्यंत वाचत बसू देऊ नका. मुरलेले तथ्य-तपासनीस लगेच नवा टॅब उघडून ‘हे सांगणारा कोण’ ते आधी बघतात, असं स्टॅनफर्डच्या संशोधकांना आढळलं. तीच सवय लावायची आहे. संकेतस्थळाच्या पत्त्यातलं ‘.ऑर्ग’ किंवा शोधाच्या वर झळकणारा एआयचा सारांश हा पुरावा धरायचा नाही. मूळ दुवा उघडायचा.

एक अडचण नक्की येणार. ‘नासा दिवाळी’ शोधलं की नासाचंच २०१२ चं पान सापडतं आणि मुलं मथळा पाहून ‘खरं आहे!’ म्हणून ओरडतात. त्या पानावर १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्रीचा खरा फोटो आहे आणि दिवाळीचा जादा उजेड अवकाशातून जाणवण्याइतका नसतो, असं लिहिलं आहे. ते वाचून घ्यायला पाच मिनिटं राखून ठेवा.

उत्तरपत्रिकेत ‘खरं/खोटं’पुढे ‘कुठे पाहिलं’ आणि ‘तिथे काय लिहिलंय’ असे दोन रकाने आखा, गुण त्यांनाच द्या. ‘अजून ठरवता येत नाही’ हे उत्तर कारणासह आलं, तर त्यालाही पूर्ण गुण.