कपाचं माप सोडलं आणि केक जमला

तीच रेसिपी, तोच ओव्हन, तरी केक एकदा मऊसूत, तर एकदा कोरडाठाक. संशय आधी बेकिंग पावडरवर होता, पण घोळ निघाला मैद्याच्या कपात. कप थेट डब्यात खुपसून भरला की मैदा दाबला जातो. वजन केलं तर 150 ग्रॅमच्या आसपास. तोच मैदा चमच्याने अलगद कपात टाकून वरून सुरीने सपाट केला, तर जेमतेम 120. दोन कपांच्या केकमध्ये 60 ग्रॅम मैदा जास्त गेल्यावर दुसरं काय होणार!

त्यात कपही सगळीकडे सारखा नाही. अमेरिकी कप साधारण 237 मिलीचा, मेट्रिक कप 250 चा. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी 15 मिली, ऑस्ट्रेलियात मात्र 20.

आता डिजिटल काट्यावर भांडं ठेवते, आकडा शून्य करते आणि जिन्नस घालते. पुन्हा शून्य, पुढचा जिन्नस. कप घासायचे वाचले, तो फायदा वेगळाच. अमेरिकी कपातली रेसिपी असेल तर मैदा 120, साखर 200, लोणी 227 ग्रॅम धरून एकदाच वजनात उतरवून ठेवते. पाणी सोपं, 1 मिली म्हणजे 1 ग्रॅम. तेलाला हा हिशेब लावू नका, ते हलकं असतं. मध उलट बराच जड.

सोडा, यीस्ट, मीठ यांना मात्र चमचाच बरा. घरगुती काट्याला 2-3 ग्रॅम धड कळत नाहीत.