फोटो दुरुस्तीला देण्याआधी आज्जीला बोलतं करा

घरातल्या जुन्या फोटोंचं काम कोल्हापुरात होळी ते मृग यादरम्यान उरकावं. पावसाळ्याच्या दमट हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर (चित्र यातच असतं) मऊ पडतो, फ्रेमच्या काचेला चिकटतो आणि त्यावर बुरशी धरते. क्रम मात्र पक्का ठेवा: आधी आज्जीकडून नावं रेकॉर्ड करून घ्या, मग स्कॅन, शेवटी दुरुस्ती. फाटलेला फोटो दहा वर्षांनीही जोडता येतो. मागच्या रांगेतला फेटेवाला कोण, हे सांगणारं माणूस तेव्हा असेलच असं नाही.

प्रत्येक फोटोच्या मागं कडेला मऊ पेन्सिलीनं, न दाबता, क्रमांक घाला. बॉलपेन नको, दाबाचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. गुळगुळीत रंगीत प्रिंटवर पेन्सिल उठत नाही, तिथं क्रमांक पाकिटावर लिहा. बोलणं सुरू झालं की तोच क्रमांक मोठ्यानं म्हणा: "फोटो बारा, डावीकडून पहिलं कोण?" नाहीतर नंतर ऐकताना "हा आपला तात्या" म्हणजे नक्की कोणता हे कळत नाही.

रेकॉर्डिंगला मोबाइल पुरतो. वेव्ह फॉरमॅट, ४८ किलोहर्ट्झ, मोनो ठेवलं तर तासाला साधारण ३५० एमबी जागा लागते. एअरप्लेन मोड चालू करा, कारण मधेच फोन आला तर रेकॉर्डिंग तुटू शकतं. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा; पदर किंवा मंगळसूत्र घासलं तर सगळी खरखर येते. फरशीच्या मोकळ्या हॉलपेक्षा गाद्या-वाकळा ठेवलेली आतली खोली बरी, तिथं आवाज घुमत नाही. पंखा बंद ठेवायचा असल्यानं सकाळची वेळ धरा. पहिलं मिनिट हेडफोनवर ऐकून मगच पुढं जा. चाळीस मिनिटांपेक्षा जास्त ताणू नका.

"तुमचं बालपण कसं होतं?" या प्रश्नाला "चांगलं होतं की" एवढंच उत्तर येतं. "शाळेच्या वाटेवर कुणाकुणाची दुकानं लागायची?", "खासबागेत कुस्ती बघायला कुणाबरोबर जायचा?" असं विचारा आणि गप्प बसा. साल आठवत नसेल तर कोयनेच्या भूकंपावरून (११ डिसेंबर १९६७) किंवा बहात्तरच्या दुष्काळावरून काढता येतं: "भूकंप झाला तेव्हा हे पोर रांगत होतं का?" दोन भावंडांत वाद झाला तर दोघांचंही राहू द्या. लिहून काढताना "आलतो, गेलतो" तसंच लिहा. पुस्तकी मराठी केलीत तर आज्जी त्यातून निघून जाते.

आता स्कॅन. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. बुरशी ओल्या फडक्यानं पुसली की चित्रही निघतं, कारण बुरशीनं पोखरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. कोरड्या मऊ ब्रशनं, घराबाहेर, मास्क लावून झटका. हातानं रंग भरलेल्या जुन्या स्टुडिओ फोटोंना तर पाण्याचा थेंबही नको. साध्या फोटोला ६०० डीपीआय (इंचाला किती ठिपके ते), पासपोर्ट आकाराला १२००, निगेटिव्हला किमान २४००. कृष्णधवल फोटोही कलर मोडमध्येच स्कॅन करा, पिवळे डाग वेगळे ओळखता येतात. फाइल टिफ फॉरमॅटमध्ये ठेवा.

दुरुस्ती कायम प्रतीवर करा, मूळ स्कॅनला हात लावू नका. ओरखडे आणि ठिपके फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या क्लोन किंवा हीलिंग टूलनं जातात. एआयनं एका क्लिकवर "स्पष्ट" केलेला चेहरा मात्र जपून वापरा: पुसट भागात ते अंदाजानं डोळे-नाक बसवतं आणि नथीचे मोती खाऊन टाकतं. ज्यांनी त्या माणसाला पाहिलंय त्यांना दाखवून मगच प्रिंट काढा.

पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर वेगळं सांगायला नको, पण एक हार्ड डिस्क पूररेषेबाहेरच्या पाहुण्यांकडे ठेवा, दुसरी घरी, तिसरी प्रत क्लाउडवर. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर फोटो दाबून लहान होतो. पुरात फोटो भिजलेच तर गठ्ठा वाळू देऊ नका, वाळला की एकमेकांना कायमचा चिकटतो. स्वच्छ गार पाण्यात हलकेच सुटे करा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. दोन दिवसांत जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा.